हातावर काही परिणाम झाला का

प्रतिभा माझी धाकटी जाऊ. तिची नोकरी काय, हे कुणाला सांगायचं म्हटलं की माझी पंचाईत होते. पंचवटीच्या भाजीबाजारात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाया विचारतात, "धाकटी कुठं जाते कामाला?" मी सांगते, कॉलेजात. "शिकवते?" नाही. "मग हापिसात बसते?" तेही नाही. "मग करते काय?" आता काय सांगायचं, कपाळ? कॉलेजातल्या मॅडम लोक संशोधन करतात आणि त्या संशोधनानं बाहेर कुणाचं काही भलं झालं का, हे प्रतिभा शोधत फिरते. नुसतं शोधून भागत नाही, पुरावा आणावा लागतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, अगं बाई, म्हणजे एकीनं अभ्यास करायचा आणि दुसरीनं त्या अभ्यासाचं पुढं काय झालं ते बघत उन्हातान्हात हिंडायचं. असल्या कामाला माणूस ठेवतात?

"ठेवतात ताई," ती हसून म्हणाली. "मला ठेवलंय की."

खरं सांगायचं तर ही नोकरी तिच्यासाठीच काढली असावी. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून तिची एकच खोड. कुणी काही सांगितलं की हिचं सुरू, "मग पुढं काय झालं?" दूधवाल्याची म्हैस आजारी पडली, तर आम्ही अरेरे म्हणून मोकळे. ही आठवड्यानं त्याला दारात गाठून विचारणार, म्हैस उठली का. पेपरात आलं की अमुक गावाला पूल होणार, तर वर्ष-दोन वर्षांनी ही ज्ञानेशला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, गाडी काढायला लावणार आणि पूल झाला का ते बघून येणार. आमच्या सासूबाई, नवसाबाई, सुरुवातीला फार वैतागायच्या. म्हणायच्या, "हिला साऱ्या गावाच्या उठाठेवी कशाला पायजेत?" मलाही तसंच वाटायचं. पण हळूहळू कळलं की तोंडाळ बाई वेगळी आणि ही वेगळी. तोंडाळ बाईला ऐकलेलं दुसऱ्या दारात नेऊन सांगायचं असतं. प्रतिभाला फक्त कळायला हवं असतं. एकदा कळलं की ती गप्प होऊन भांडी घासायला लागते.

तर तिच्या कॉलेजात एक शुभांगी मॅडम होत्या. गृहविज्ञान शिकवायच्या. त्यांचं अर्धं आयुष्य गेलं भेंडीत. हसू नका, ज्यांनी भेंडी तोडली आहे त्या हसणार नाहीत. भेंडीला बारीक काटेरी लव असते. डोळ्याला धड दिसत नाही, पण सकाळभर तोडणी केली की हात चुरचुरायला लागतात, मग खाज सुटते, मग पुरळ, आणि खाजवून खाजवून कातडी सोलून निघते. संध्याकाळी पिठात हात घालवत नाही. बाजारातले रबरी मोजे घाला म्हणाल, तर त्यात हात उकडून निघतो, आणि भेंडी कोवळी की जून हे बोटाच्या टोकालाच कळतं. मॅडमनी किती कापडं तपासली, किती शिवून उसवली, त्यांनाच ठाऊक. शेवटी त्यांनी एक बाही केली. सुती, घट्ट विणीची, कोपराच्या वर जाणारी, पंजावर दुहेरी, आणि बोटांची टोकं तेवढी मोकळी. दिसायला काही विशेष नाही. मी पाहिली तेव्हा मला वाटलं, हे एवढंसं?

दिंडोरी रस्त्याकडच्या काही गावांत मॅडमनी त्या बाह्या बायांना दिल्या, कशा शिवायच्या ते शिकवलं. आणि तुलनेसाठी एकलहऱ्याच्या पलीकडची काही गावं धरली, तिथं बाही दिलीच नाही. शास्त्रात असंच करतात म्हणे. एकीकडं द्यायचं, एकीकडं नाही द्यायचं, आणि फरक बघायचा. मॅडमचे शोधनिबंध छापून आले, कुठं कुठं बक्षिसं मिळाली, आणि त्याला बरीच वर्षं झाली.

मग गेल्या वर्षी विद्यापीठानं नवीन टूम काढली. निबंध किती छापले ते पुरे, आता संशोधनाचा समाजावर परिणाम काय झाला तो पुराव्यासकट दाखवा. जे केंद्र दाखवणार नाही ते बंद. मॅडमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या, शिलाई मशिनं आणि कापडाचं कपाट. मॅडम निवृत्तीला आलेल्या. प्रतिभाची नोकरी त्या केंद्रालाच बांधलेली. तरी मॅडम तिला म्हणाल्या, "प्रतिभा, खोल्या जाऊ देत गं. पण जायच्या आधी मला एकदा कळू दे. मी एवढं केलं त्यानं कुणाला काही झालं का?" प्रतिभानं हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्याचं 'पुढं काय झालं' शोधता शोधता तिला आता जवळच्या माणसाचं शोधायचं होतं.

कॉलेजातल्या मुली प्रश्न घेऊन दोन्हीकडच्या गावांत जाऊन आल्या. आणि एका संध्याकाळी प्रतिभा घरी आली ती चप्पल न काढता ओट्यावर बसली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"ताई, दिंडोरीकडच्या बाया म्हणाल्या, काहीच परिणाम नाही. एकजात सगळ्या."

"अरेरे."

"थांबा ना. एकलहऱ्याकडच्या म्हणाल्या, फार परिणाम झाला. सगळ्या."

"मग बरं की."

"अहो ताई, एकलहऱ्याकडं बाही दिलेलीच नाही. तिथं मॅडमनी काही केलंच नाही. ज्यांना दिलं त्यांना काही झालं नाही, आणि ज्यांना दिलंच नाही त्यांच्यावर फार परिणाम."

माझंही डोकं चक्रावलं. मी म्हटलं, त्या पोरींनी गठ्ठे उलटेपालटे केले असतील. ती म्हणाली, तपासलं. मी म्हटलं, मग एखाद्या झाडाखाली बसून घरच्या घरी उत्तरं भरली असतील, आजकालच्या पोरींचा काय भरवसा. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी कांदा चिरायला घेतला. पण खरं सांगते, मलाही आता उत्सुकता लागली. तिची खोड मलाही लागली म्हणा ना. दुसऱ्या दिवशी बाजाराला सुट्टी दिली आणि तिच्या स्कूटीवर मागं बसले.

आधी दिंडोरीकडं गेलो. द्राक्षबागा ओलांडून भेंडीच्या वावरात उतरलो तर समोरच्या प्रत्येक बाईच्या हातात बाही. कुणी जुन्या धोतराची शिवलेली, कुणी नवऱ्याच्या लेंग्याची, एकीनं तर वर काठही लावलेला. मी प्रतिभाला म्हटलं, "अगं हे बघ की, हाच पुरावा. काढ फोटो." ती म्हणाली, "बाही घालतात हे दिसलं. पण तिनं फरक पडला का, ते विद्यापीठाला पाहिजे. आणि घालणारीच म्हणते की काही नाही, तर मी फोटो काढून काय करू?"

बयाबाई नावाची एक थोराड बाई बांधावर पाणी प्यायला आली. प्रतिभानं कागदावरचा प्रश्न जसा होता तसाच वाचला, कारण बदलून विचारायची परवानगी नव्हती. "भेंडी तोडणीसंदर्भातील संशोधनाचा आपल्या हातांवर काही परिणाम झाला आहे का?"

"नाय बा," बयाबाई पटकन म्हणाल्या. "कायच परिणाम नाय."

"बाहीचा काहीच नाही?"

"बाहीचा कसला परिणाम? चांगली हाय की बाही. कायच त्रास नाय तिचा."

प्रतिभानं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. बाई बाही घालते, चांगली म्हणते, आणि परिणाम नाही म्हणते. आम्ही आणखी तिघी-चौघींना विचारलं, तेच. एक म्हातारी तर कानाला हात लावून म्हणाली, "देव करो अन् परिणाम न होवो."

मग उलट्या रस्त्यानं एकलहऱ्याकडं. वीज केंद्राची धुराडी दिसायला लागली आणि त्याच्या पलीकडं भेंडीची वावरं. तिथं बाही कुठंच नाही. सुमनबाई म्हणून एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "झाला ना. लय परिणाम झाला. हे बघा." मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे, आणि बोटांच्या बेचक्यात भेगा. प्रतिभानं कागद खाली केला. "पण शुभांगी मॅडम तुमच्याकडं येऊन काही देऊन गेल्या होत्या का?" "कोण मॅडम?" सुमनबाई म्हणाल्या.

पुढचे काही दिवस घरात तोच विषय. ज्ञानेश म्हणाला, बाया घाबरल्या असतील, सरकारी माणूस आला म्हणून. प्रतिभा म्हणाली, घाबरलेली बाई असं हसत सांगत नाही. मी म्हटलं, तुमची बाहीच उलटी काम करत असेल, जिला नाही तिलाच लागू पडते. यावर ती हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. मॅडमना तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार?

आणि उलगडा झाला तो आमच्याच स्वयंपाकघरात. त्या आठवड्यात सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या बहिणीचा फोन आला. सासूबाई पलंगावर बसून मोठ्यानं सांगत होत्या, "हो, झालं ऑपरेशन. भूल दिली, थेंब टाकले, गोळ्या चालू हायेत. नाय नाय, कायच परिणाम झाला नाय. देवाची कृपा." प्रतिभा पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. ती बाहेर गेली आणि सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, परिणाम झाला नाही म्हणजे काय?"

"म्हणजे काय, म्हणजे काय? झाला नाय. चांगली हाय मी."

"आणि झाला असता तर?"

"असं अभद्र का बोलते गं?" सासूबाई चिडल्या.

प्रतिभा तिथंच खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी. तव्यावरची पोळी करपली, मी ओरडले, तरी हिचं चालूच. आणि मग माझ्याही टाळक्यात प्रकाश पडला. अहो, जन्मभर हा शब्द मी तोंडानं बोलते आणि माझ्या कधी लक्षात आलं नाही. आपल्याकडं परिणाम होतो तो वाईटच. औषधाचा परिणाम झाला, दारूचा परिणाम झाला, फवारणीचा परिणाम झाला. चांगलं झालं तर 'गुण आला' म्हणतो, 'फरक पडला' म्हणतो. आणि ज्यानं कोणी प्रश्न लिहिला त्यानं पुस्तकातला परिणाम लिहिला. बायांनी प्रश्नातलं 'भेंडी' ऐकलं, 'हात' ऐकलं, 'परिणाम' ऐकला, आणि मधलं ते संदर्भातील संशोधन बिंशोधन वाऱ्यावर सोडलं. बाही घालणाऱ्या म्हणाल्या, आमच्या हाताला काही झालेलं नाही. न घालणाऱ्या म्हणाल्या, आमच्या हाताची वाट लागली.

म्हणजे उत्तर बरोबरच आलं होतं. मॅडमच्या बाहीचा गुण यापेक्षा जास्त काय दिसणार?

दुसऱ्या दिवशी प्रतिभा मॅडमना ही सगळी हकीकत सांगायला गेली. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तो प्रश्न मीच लिहिला होता गं." आणि मग दोघी इतक्या हसल्या म्हणे की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मॅडमनी नवा प्रश्न केला. पूर्वी तोडणी झाल्यावर हात कसे असायचे आणि आता कसे असतात, एवढंच. प्रतिभा पुन्हा सगळी गावं फिरली. दिंडोरीकडच्या बाया आता घडाघडा बोलायला लागल्या. बाही नव्हती तेव्हा लेकराला न्हाऊ घालता येत नव्हतं, रात्री हात पाण्यात बुडवून बसायचो, माहेरी गेले तर बहिणीला बाही शिवून दिली. असं सगळं. मॅडम ते ऐकत राहायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "अजून सांग."

पण विद्यापीठ ते विद्यापीठ. समितीचे साहेब म्हणाले, एकदा 'परिणाम नाही' असं उत्तर आलं, आता तुम्ही प्रश्न बदलून हवं ते उत्तर आणलं, आम्ही कसं मान्य करायचं? माणूस वाईट नव्हता, त्याचंही बरोबर होतं. तो म्हणाला, "आम्ही स्वतः येतो. दोन्हीकडची गावं बघतो, बायांचे हात बघतो. फरक दिसला तर केंद्र राहील." महिनाभरानं यायचं ठरलं. प्रतिभानं घरी पेढे आणले. मी म्हटलं, अजून समिती यायची आहे. ती म्हणाली, "ताई, हात काय खोटं बोलणार आहेत?"

मग ती एकलहऱ्याच्या पलीकडं गेली, सुमनबाईंना सांगायला, की पाहुणे येणार आहेत, तेव्हा वावरातच थांबा. तोडणी जोरात होती. प्रतिभाच ती, तिला काय सुचलं कोण जाणे, म्हणाली, मीपण तोडते तुमच्याबरोबर, बघू तरी कसं वाटतं. सकाळ संपेपर्यंत तोडली. घरी आली तेव्हा हात टम्म सुजलेले. रात्रीच्या जेवणाला मी तिला घास भरवला, सासूबाईंनी खोबरेल लावलं, आणि ती नुसती त्या हातांकडं बघत बसली.

"त्या रोज तोडतात ताई," ती म्हणाली.

"हं."

"आणि बाही कशी शिवायची ते आपल्याला माहीत आहे."

मी ओळखलं गाडी कुठं चालली ते. म्हटलं, "बाई गं, डोकं ठिकाणावर ठेव. तू आत्ता त्यांना बाह्या दिल्यास तर महिन्याभरात हात बरे होतील. मग समिती काय बघणार, डोंबल? दोन्हीकडं सारखेच हात. महिनाभर थांब. समिती येऊन जाऊ दे, मग मी स्वतः शिवून देते, तुला शब्द देते. इतकी वर्षं त्यांनी काढली, एक महिना काही जड नाही."

तिनं फक्त तो सुजलेला हात माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "याला एक महिना, ताई?" मला राग आला. तिचा नाही, त्या सगळ्या प्रकाराचाच. मी उठून भांडी आपटली.

सकाळी ती मॅडमकडं गेली. मीही गेले, कारण मला वाटलं मॅडम तरी शहाण्यासारखं बोलतील. त्यांचं आयुष्य पणाला लागलेलं, त्या म्हणतील थांबा, आणि विषय मिटेल. प्रतिभानं काही मागितलं नाही, नुसते हात दाखवले आणि कुठं गेले होते ते सांगितलं. मॅडमनी ते हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाल्या, "त्या गावांना तेव्हा मी सांगितलं होतं, अभ्यास संपला की तुम्हालाही देऊ. मग पैसे संपले, मग दुसरं काम आलं. मी विसरलेच गं." त्या उठल्या, कपाट उघडलं आणि कापडाचा तागा खाली ओढला. "किती बाया आहेत तिकडं?"

मी म्हटलं, "मॅडम, समिती?"

"हो ना," त्या म्हणाल्या. "समिती." आणि कात्री शोधायला लागल्या.

आता मी तरी काय करणार? माझ्या घरी मशीन आहे, मला शिवता येतं. शिव्या घालत घालत शिवल्या. सासूबाई ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून कडा दुमडायला बसल्या आणि अर्ध्या कडा वाकड्या केल्या. प्रतिभाचे हात बरे झाले तशी तीही बसली. बाह्या घेऊन ती एकलहऱ्याकडं गेली तेव्हा सुमनबाईंनी आधी त्या उलट्या घातल्या, मग सुलट्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काढल्या नाहीत.

आता आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी तुम्ही माझ्या नावानं बोटं मोडायला नको. केंद्र काही वाचलं नाही. त्या दोन खोल्यांत आता कॉम्प्युटर आहेत. मॅडम निवृत्त झाल्या. प्रतिभाची नोकरी गेली आणि हल्ली ती माझ्याबरोबर बाजारात बसते, गिऱ्हाइकांना विचारते, परवा नेलेल्या वांग्याची भाजी कशी झाली. पण समिती आली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

समिती आधी दिंडोरीकडं गेली. बयाबाईंचे हात बघितले, बाही बघितली, साहेब खूश. मग एकलहऱ्याच्या पलीकडं. मॅडम, प्रतिभा आणि मी, तिघी बांधावर उभ्या. सुमनबाई आणि त्यांच्याबरोबरच्या बाया वावरातून बाहेर आल्या. सगळ्यांच्या हातात बाह्या. साहेबांनी हात दाखवायला सांगितले. त्यांनी बाह्या वर करून दाखवले. चट्टे गेलेले, भेगा भरत आलेल्या, कुठं कुठं जुने डाग तेवढे राहिलेले. साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"पण इथं तर बाही नव्हती ना?" ते म्हणाले.

"नव्हती," प्रतिभा म्हणाली. "आम्ही तीन आठवड्यांपूर्वी दिली." तिनं काही लपवलं नाही.

साहेब तिच्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "अहो बाई, दोन्हीकडं हात सारखेच चांगले आहेत. मी फरक कुठून लिहू? तुम्ही स्वतःचा पुरावा स्वतःच पुसून टाकलात. अजून महिनाभर थांबला असतात तर आज सगळं सरळ होतं." ते रागावून बोलले नाहीत, त्यांनाही वाईट वाटत होतं. मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या. मी मनात म्हणत होते, बघ, हेच सांगत होते मी.

सुमनबाईंना त्या बोलण्यातलं सगळं कळलं नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडमचं काय बिघडलं?" मी जे होतं ते सांगितलं. की तुमचे हात खराब दिसायला हवे होते, ते बरे झाले, म्हणून मॅडमचं केंद्र जाणार. आणि या पोरीची नोकरीपण.

त्यांनी आपल्या बाह्यांकडं बघितलं. मग मागं वळून बाकीच्या बायांशी काहीतरी बोलल्या. बायांनी माना हलवल्या. सुमनबाई साहेबांपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमाला खराब हात बघायचेत ना?" त्या म्हणाल्या. "आमी आठ दिस बाह्या काढून ठेवतो. आठ दिसांनी परत या. तोडणी जोरात हाय, तवर लगेच खराब होत्यात. मंग लिवा तुमी. त्यात काय हाय, सवय हाय आमाला."

आणि बोलता बोलता त्यांनी उजव्या हाताची बाही कोपरावरून खाली सरकवायला सुरुवात केली. मागं बाकीच्या बायापण काढायला लागल्या.

साहेबांचं पेन हातातच राहिलं. खरं सांगते, माझ्या मनात आलं, घ्या की. आठच दिवस आहेत, त्या स्वतःहून देतायत. मी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी तोंडाला पदर लावला होता. इतकी वर्षं त्यांना जे विचारायचं होतं, त्याचं उत्तर कुणी न विचारता त्यांच्यासमोर येऊन उभं होतं.

प्रतिभा पुढं झाली. बाही सुमनबाईंच्या मनगटापर्यंत आली होती. तिनं ती धरली आणि कोपराच्या वर पुन्हा नीट ओढली, सुरकुत्या काढल्या.

"अगं पन पोरी, पुरावा?" सुमनबाई म्हणाल्या.

"असू द्या," प्रतिभा म्हणाली, आणि दुसऱ्या बाईची बाही वर करायला गेली.